मामेभाऊ, साडू आणि पंचवीस वर्षं जुना गुन्हा : बव्हेरियाचा ड्यूक तासिलो



शार्लमेनवरचा भाग केला तेव्हा मी एक वाक्य बोलून गेलो होतो, "७८८ मध्ये शार्लमेननं बव्हेरिया आपल्या राज्याला जोडला." बस. चार सेकंदांत एक राज्य संपलं आणि आपण पुढे सॅक्सन लोकांच्या लढायांकडे वळलो. नंतर एडिटिंग करताना ते वाक्य पुन्हा ऐकलं आणि मला जरा ओशाळल्यासारखं झालं. कारण त्या वाक्याच्या आत एक माणूस होता. चाळीस वर्षं राज्य केलेला. आणि त्याची गोष्ट अशी चार सेकंदांची व्हावी हीच तर त्याच्या शत्रूंची इच्छा होती. म्हणजे बाराशे वर्षांनंतर मी इथे माइकसमोर बसून त्यांचंच काम करत होतो.

त्या माणसाचं नाव तासिलो. तिसरा तासिलो. आजचा भाग त्याचा.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. जर्मनी नावाचा देश तेव्हा नव्हता. आठव्या शतकात ऱ्हाइन नदीच्या दोन्ही बाजूंना फ्रँक लोकांचं मोठं राज्य होतं. त्याच्या आग्नेयेला, आल्प्स पर्वत आणि डॅन्यूब नदीच्या आसपास, बव्हेरियन लोक राहायचे. आजचा दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रियाचा बराचसा भाग. त्यांची मोठी गावं म्हणजे रेगेन्सबुर्ग, साल्झबुर्ग, फ्रायझिंग. म्युनिकचा अजून पत्ता नाही. राज्यकर्त्याला म्हणायचे ड्यूक. मूळ लॅटिन शब्द 'डुक्स', म्हणजे सैन्याला पुढे नेणारा. कागदावर हा ड्यूक फ्रँक राजाच्या खालचा. प्रत्यक्षात सहाव्या शतकापासून तिथे एकाच घराण्याची सत्ता, आगिलोल्फिंग घराण्याची. बव्हेरियन लोकांच्या कायद्यातच लिहिलं होतं की ड्यूक नेहमी याच घराण्यातला असेल.

त्याच कायद्यात मला फार आवडणारं एक कलम आहे. ड्यूकचा मुलगा बापाला बाजूला सारून गादीवर बसू शकत नाही. कधीपर्यंत? तर बाप न्यायनिवाडा करू शकतो, सैन्याबरोबर जाऊ शकतो, घोड्यावर दमदारपणे चढू शकतो, हत्यार पेलू शकतो आणि आंधळा-बहिरा झालेला नाही तोपर्यंत. रिटायरमेंटची याहून स्पष्ट व्याख्या मी तरी वाचलेली नाही.

आता घरातली भानगड.

फ्रँक राज्यात खरा कारभार राजाच्या हातात नव्हता, त्याच्या कारभाऱ्याच्या हातात होता. शार्ल मार्तेल हा असा कारभारी. ७४१ मध्ये तो वारला. त्याची मुलगी हिल्ट्रूड. बाप जाताच ही मुलगी सावत्र आईच्या, स्वानाहिल्डच्या सल्ल्यानं, काही साथीदारांच्या मदतीनं गुपचूप ऱ्हाइन ओलांडून बव्हेरियात गेली आणि तिथल्या ओडिलो या ड्यूकशी तिनं लग्न केलं. भावांच्या मर्जीविरुद्ध. सरळ सांगायचं तर पळून जाऊन. भाऊ कोण? पेपिन आणि कार्लमान, म्हणजे बापाच्या जागी आता तेच मालक. चिडणारच. ७४३ मध्ये दोघे सैन्य घेऊन आले आणि लेख नदीच्या काठी त्यांनी मेहुण्याला हरवलं. (हो, नदीचं नाव लेखच. मीही पहिल्यांदा वाचताना थबकलो होतो.)

हिल्ट्रूड आणि ओडिलोचा मुलगा म्हणजे आपला तासिलो. जन्म साधारण ७४१चा. ७४८ मध्ये ओडिलो वारला. लगेच पेपिनचा सावत्र भाऊ ग्रिफो बव्हेरिया बळकावून बसला. पेपिननं त्याला हुसकावलं आणि सात-आठ वर्षांच्या भाच्याला गादीवर बसवलं. कारभार आईनं पाहायचा, आईच्या मागे मामानं. ७५४ मध्ये आई गेली. तेव्हा मामा नुसता कारभारी राहिलेला नव्हता. ७५१ मध्ये जुन्या राजाला मठात पाठवून तो स्वतः फ्रँकांचा राजा झाला होता.

म्हणजे बघा, पेपिन हा तासिलोचा सख्खा मामा. पेपिनचा मुलगा शार्लमेन हा मामेभाऊ. ही नाती लक्षात ठेवा. मराठीत बरं आहे, इंग्रजीत सगळ्यांना एकच 'कझिन' म्हणतात आणि गोष्टीतली निम्मी मजा जाते. आणि या मामेभावाशी तासिलोचं अजून एक नातं जुळायचं आहे, थोडं थांबा.

आता आपल्या खटल्याचं मूळ. दोन तारखा आहेत, ७५७ आणि ७६३.

फ्रँक दरबाराचा अधिकृत इतिहास आहे, 'शाही फ्रँक वार्तापत्र' म्हणू त्याला. वर्षावार नोंदी. तो सांगतो की ७५७ मध्ये काँपिएन्यच्या सभेत तासिलोनं आपले हात राजाच्या हातात देऊन त्याचं मांडलिकत्व पत्करलं आणि संतांच्या अवशेषांवर हात ठेवून असंख्य शपथा घेतल्या. कोणकोणत्या संतांच्या, त्याचीही यादी आहे. पुढे ७६३ ची नोंद. पेपिन आक्विटेनवर, म्हणजे आजच्या नैर्ऋत्य फ्रान्सवर, स्वारीला निघालेला. तासिलो सैन्यासह बरोबर होता. तिथून आजारपणाचं निमित्त करून तो परत फिरला, बव्हेरियात आला आणि राजाचं तोंड पुन्हा पाहायचं नाही असं ठरवून बसला.

हे दोन्ही खरं धरलं तर केस सोपी आहे. शपथ घेतली, मोडली, भर मोहिमेतून पळाला.

पण थोडं थांबून विचारा, हे लिहिलं कधी? वार्तापत्राचा हा भाग एकत्र लिहिला गेला तो ७८८ नंतरच्या काही वर्षांत. म्हणजे तासिलोचा निकाल लागून गेल्यावर. ७५७ मधली शपथ कागदावर आली ती तीस वर्षांनी, आणि तीही त्याला शिक्षा देणाऱ्यांच्या दरबारात. पेपिनच्या हयातीत त्याच्याच नातलगांच्या देखरेखीखाली आणखी एक इतिहास लिहिला जात होता, त्यात या थोर शपथेची नोंद नाही. मथियास बेखर या जर्मन इतिहासकारानं १९९३ मध्ये हा मुद्दा नेटानं मांडला की ही शपथ अशी झालीच नसावी, ती मागाहून रचली असावी. सगळ्या इतिहासकारांना ते पूर्ण मान्य आहे असं नाही. काही म्हणतात, काहीतरी शपथ झाली असेल, तिला नंतर मसाला लावला गेला. मला स्वतःला हे दुसरं जास्त पटतं. सोळा वर्षांच्या भाच्यानं मामासमोर निष्ठेची शपथ घेतली असणं अशक्य नाही. पण हातात हात, मांडलिकत्व, इतक्या संतांची नावं, हा सगळा थाट मला नंतर तयार केलेल्या पुराव्यासारखा वाटतो. भांडण झाल्यावर कोणीतरी जुनं चॅट दाखवतं आणि त्यात जरा जास्तच व्यवस्थित, पूर्णविरामांसकट लिहिलेले मेसेज असतात, तसं काहीसं.

७६३ चं काय? तासिलो परत फिरला असेल. मग मामानं काय केलं? काही नाही. वार्तापत्रच सांगतं की ७६४ मध्ये राजा कुठल्याच स्वारीवर गेला नाही, घरीच राहिला आणि आक्विटेनच्या व तासिलोच्या प्रश्नाचा विचार करत बसला. पुढे ७६८ मध्ये तो वारला. भाच्यावर स्वारी नाही, खटला नाही.

आणि तासिलो? तो पुढची पंचवीस वर्षं राजासारखा राहिला. फ्रायझिंगच्या जमिनीच्या दानपत्रांवर तारीख लिहायची तर 'तासिलोच्या राज्याच्या अमुक वर्षी' अशी. फ्रँक राजाच्या वर्षाची नव्हे. धर्मगुरूंच्या सभा तो बोलवायचा, दिंगोलफिंगला, नॉयशिंगला. ७६९ मध्ये आल्प्समध्ये इनिशेनचा मठ उभा राहिला, पूर्वेकडच्या स्लाव लोकांना ख्रिस्ती करण्यासाठी. ७७२ मध्ये त्यानं कारांतानियातल्या स्लाव लोकांचा पराभव केला. त्याच वर्षी त्याच्या थेओडो या मुलाचा बाप्तिस्मा रोममध्ये झाला आणि केला कोणी? खुद्द पोप हेड्रियननं. ७७४ मध्ये साल्झबुर्गच्या नव्या भव्य चर्चचं उद्घाटन झालं. तिथला बिशप व्हर्जिल हा मूळचा आयर्लंडचा, फार हुशार आणि भूमितीत मुरलेला माणूस. ७७७ मध्ये क्रेम्समुन्स्टरचा मठ. हा मठ आजही चालू आहे, ऑस्ट्रियात.

बायको केली तीही राजकन्या. उत्तर इटलीत लाँगोबार्ड लोकांचं राज्य होतं, तिथला राजा डेसिडेरियस. त्याची मुलगी लिउटपेर्गा तासिलोची पत्नी झाली. आता ते राहिलेलं नातं. ७७० च्या सुमारास शार्लमेनच्या आईनं, बर्त्रादानं, पुढाकार घेतला. ती बव्हेरियामार्गे इटलीत गेली आणि तिनं शार्लमेनचं लग्न ठरवलं डेसिडेरियसच्याच दुसऱ्या मुलीशी. मामेभाऊ साडू झाले! मला ही आई आवडते. तिनं एका फेरीत फ्रँक, बव्हेरियन आणि लाँगोबार्ड अशी तीन घरं बांधून ठेवली होती.

टिकलं वर्षभर. शार्लमेननं ती बायको माघारी पाठवली. ७७४ मध्ये सासऱ्याचं राज्य जिंकलं आणि सासऱ्याला मठात टाकलं. मग तासिलो नकाशावर कुठे उरला ते बघा. पश्चिमेला मामेभाऊ. उत्तरेला मामेभाऊ. दक्षिणेला, जिथे कालपर्यंत सासरा होता, तिथेही मामेभाऊ. पूर्वेला तेवढे आवार, घोड्यावरचे लढवय्ये, ख्रिस्ती नसलेले.

शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड लिहितो की तासिलोला बायकोनं भडकवलं, तिला बापाचा सूड घ्यायचा होता. असेलही. बापाचं राज्य गेलेल्या मुलीला राग येणार नाही का? पण प्रत्येक हरलेल्या राजामागे एक भडकवणारी बायको उभी करायची, ही इतिहासलेखकांची जुनी खोड आहे. त्यामुळे मी हे वाक्य चिमूटभर मीठ घालूनच घेतो.

७८१ मध्ये शार्लमेन आणि पोप, दोघांचे दूत एकत्र तासिलोकडे आले. जुन्या शपथांची आठवण करून द्यायला! तासिलो वर्म्सला गेला, शपथा पुन्हा घेतल्या, बारा ओलीस दिले. इथून गळ्याभोवतीचा दोर आवळायला लागतो. ७८७ मध्ये तासिलोनं रोमला दोन दूत पाठवले, साल्झबुर्गचा बिशप आर्न आणि मोंडसे मठाचा प्रमुख हुनरिक. विनंती एवढीच, पोपमहाराज, मध्यस्थी करा, आमचा समेट घडवा. ज्या पोपनं पंधरा वर्षांपूर्वी पोराला बाप्तिस्मा दिला तोच हा पोप. पण शार्लमेन तेव्हा रोममध्ये हजर. तो म्हणाला, चला, आत्ता इथेच करार करू. दूत म्हणाले, तेवढे अधिकार आम्हाला दिलेले नाहीत. झालं. पोपनं उलट तासिलोलाच बजावलं की ऐकलं नाहीस तर धर्मबहिष्कार, आणि मग युद्धात जे रक्त सांडेल त्याचं पाप तुझ्या माथी.

त्याच वर्षी तीन बाजूंनी तीन सैन्यं आली. शार्लमेन स्वतः आउग्सबुर्गजवळ लेखच्या मैदानात. दुसरं सैन्य डॅन्यूबवर फ्योरिंगला. तिसरं इटलीतून वर बोल्झानोकडे. लढाई झालीच नाही, कारण तासिलोचे स्वतःचेच लोक कच खाऊन होते. बड्या घराण्यांच्या जमिनी, मठांचे हितसंबंध, सगळ्यांनी वारा कुठून वाहतो ते पाहिलं होतं. ३ ऑक्टोबर ७८७ ला तासिलो शार्लमेनसमोर आला. राज्य एका काठीच्या रूपानं त्याच्या हाती दिलं, काठीच्या टोकाला माणसाचं डोकं कोरलेलं. ते परत मिळालं ते मांडलिक म्हणून. बारा ओलीस पुन्हा. आणि तेरावा, मुलगा थेओडो.

पुढच्या उन्हाळ्यात इंगेलहाइमला सभा भरली. तासिलोही आला, बोलावणं होतं आणि मुलगा तिकडे अडकलेला होता. तिथे त्याच्यावर आरोप करायला उभे राहिले ते बव्हेरियनच, शार्लमेनशी निष्ठावंत असलेले. आरोप असे : बायकोच्या सांगण्यावरून आवारांशी संधान बांधलं. आपल्या माणसांना सांगितलं की शपथ घ्याल तेव्हा मनात दुसरंच ठेवा. आणि म्हणाला, मला दहा मुलं असती तरी ती सगळी गेलेली चालतील, पण ही शपथ पाळून जगण्यापेक्षा मेलेलं बरं.

हे शेवटचं वाक्य त्याच्या तोंडी घातलं ते त्याला खुनशी ठरवायला. पण मला त्यात एक हतबल बाप दिसतो, ज्याचा मुलगा खरोखरच ओलीस आहे.

गंमत म्हणजे एवढ्यानं भागलं नाही. आवारांशी संधान सिद्ध करणं अवघड असावं, किंवा देहदंडाला ते पुरेसं वाटलं नसावं. मग फ्रँक, बव्हेरियन, लाँगोबार्ड, सॅक्सन अशा सगळ्या जमातींच्या लोकांना जुनी गोष्ट 'आठवली'. ७६३. राजा पेपिनला सोडून हा सैन्यातून निघून गेला होता! आणि इथे लॅटिनमध्ये लिहिणारा लेखक एकदम लोकांच्या बोलीतला शब्द वापरतो : 'हारिसलिझ'. सैन्य फोडणं, फौज सोडून जाणं. तो म्हणतो, याला 'थिओडिस्का' भाषेत असं म्हणतात. हा थिओडिस्का शब्द म्हणजे आजच्या 'डॉइच'चा पूर्वज, आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. जर्मन लोक आपल्या भाषेला जे नाव देतात ते इतिहासात डोकावतं ते एका फितुरीच्या खटल्यातून.

पण तारखा पुन्हा बघा. गुन्हा ७६३ चा, खटला ७८८ चा. ज्याच्याविरुद्ध गुन्हा घडला तो मामा वीस वर्षांपूर्वी मेलेला. गुन्ह्याच्या वेळी शार्लमेन स्वतः मिसरूड फुटायच्या वयाचा. आणि सॅक्सन? ७६३ मध्ये ते मुळात फ्रँकांच्या सैन्यात नव्हतेच, ते त्यांचे शत्रू होते. त्यांना काय आठवणार?

सभेनं एका आवाजात देहदंड मागितला. शार्लमेननं दया दाखवली. देवाच्या प्रेमाखातर, आणि तो आपला नातलग आहे म्हणून. म्हणजे नातं होतं हे शेवटी आठवलं, योग्य वेळी. तासिलोला विचारलं, काय हवं? तो म्हणाला, मुंडण करून मठात जाऊ द्या, पापांसाठी प्रायश्चित्त घेतो. दुसऱ्या एका छोट्या वार्तापत्रात अजून एक बारीक गोष्ट टिकून राहिली आहे. तासिलोनं हात जोडून विनवलं की माझे केस इथे राजवाड्यात, सगळ्यांसमोर कापू नका, लाज वाटते. फ्रँकांमध्ये केस कापणं म्हणजे सत्तेतून कायमचं उतरवणं. एवढी एक विनंती मान्य झाली. ६ जुलै ७८८ ला ऱ्हाइनकाठच्या सांक्ट गोआरला त्याचं मुंडण झालं. दरम्यान माणसं बव्हेरियात जाऊन त्याची बायको, मुलं आणि खजिना घेऊन आली होती. थेओडोला ट्रियरच्या मठात टाकलं. मुलींनाही वेगवेगळ्या मठांत. लिउटपेर्गा हद्दपार. अख्खं घर असं विखुरलं की वारस उरायला नको.

आणि त्याचा दूत आर्न आठवतो? तो साल्झबुर्गचा बिशप? त्यानं लगेच बसून साल्झबुर्ग चर्चच्या मालकीच्या जमिनींची सविस्तर यादी तयार करून घेतली, नव्या मालकापुढे हक्क शाबूत राहावेत म्हणून. दहा वर्षांनी, ७९८ मध्ये, तो आर्चबिशप झाला. मी त्याला फितूर म्हणणार नाही. पण काही माणसं बुडत्या बोटीतून उतरताना सातबारा बरोबर घेऊन उतरतात, एवढं नक्की.

वाटलं असेल, संपलं. नाही. सहा वर्षांनी, ७९४ मध्ये, फ्रँकफुर्टला चर्चची मोठी परिषद भरली. तिथे तासिलोला मठातून बाहेर काढून सर्वांच्या मधोमध उभं केलं गेलं. वय पन्नाशी ओलांडलेलं. त्यानं पुन्हा माफी मागितली, पेपिनच्या काळातल्या अपराधांसाठी आणि नंतरच्याही. बव्हेरियावरचा स्वतःचा, मुलांचा, मुलींचा सगळा हक्क सोडला. मी हे वाचलं तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला, सगळं हातात असलेल्या माणसाला हे पुन्हा कशाला हवं होतं? मला वाटतं, ७८८ च्या निकालावर त्यांचा स्वतःचाच पूर्ण भरवसा नव्हता. बव्हेरियात कोणीतरी अजून 'आमचा ड्यूक' म्हणत असणार. ज्याची केस पक्की असते तो हरलेल्याकडून दोनदा सही घेत नाही.

त्या हक्कसोडीच्या तीन प्रती काढल्या. एक राजवाड्यात. एक राजाच्या प्रार्थनामंदिरात. तिसरी तासिलोलाच दिली, मठात जवळ ठेवायला.

त्यानंतर त्याच्याविषयी कागद गप्प होतात. मृत्यूचा दिवस तेवढा माहीत आहे, ११ डिसेंबर. तोही क्रेम्समुन्स्टरच्या मठानं, आपल्या संस्थापकाचा स्मृतिदिन म्हणून, लक्षात ठेवला म्हणून.

त्या मठात एक प्याला आहे. चर्चमध्ये द्राक्षासव अर्पण करायचा. तांब्याचा, वर सोन्याचा मुलामा आणि चांदीचं काम, वीतभराहून थोडा उंच. येशू आणि संतांच्या आकृत्या, गुंतागुंतीची वेलबुट्टी. फोटो शोधून बघा, स्क्रीनवरसुद्धा नजर हटत नाही. बव्हेरियाचा खजिना शार्लमेननं नेला, हा प्याला राहिला. त्याच्या बुडाशी गोलाकार अक्षरं कोरलेली आहेत, आणि ती कोरली तेव्हा कुठलाही खटला झालेला नव्हता : तासिलो, पराक्रमी ड्यूक. लिउटपेर्गा, राजवंशाची डहाळी.